घोडा कोणाचा, कुंपण कोणाचे?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात ऑगस्ट १९९६ मधील एका रात्री तीन घोडे आपल्या कुरणातून पळाले. ते कशाने बिथरले, हे अखेरपर्यंत कळले नाही. विजेची तार आणि तिच्या बाहेरचे लाकडी कुंपण आडवे पाडून, पलीकडचा झाडोरा तुडवीत, कच्च्या वाटेने आणि मग एका लहान रस्त्याने जवळजवळ मैलभर धावत ते पेन्टन शहराजवळच्या दुहेरी मोटारमार्गावर आले. कामावरून घरी परतणाऱ्या एका गृहस्थाच्या मोटारीची त्यांतील एका घोड्याशी धडक झाली आणि ते गृहस्थ गंभीर जखमी झाले.

‘मिर्वाहेदी विरुद्ध हेनली’ या नावाने हा खटला पुढे सात वर्षे गाजला. कुंपण पुरेसे होते, घोडे पाळणाऱ्यांकडून निष्काळजीपणा झालेला नाही, असे खालच्या न्यायालयाने ठरविले होते. तरीही मार्च २००३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने भरपाईची जबाबदारी घोडे पाळणाऱ्यांवरच टाकली. कुंपण नीट असूनही दायित्व टळत नाही, हा या निकालाचा अर्थ ब्रिटनमधील अश्वपालकांना हादरवून गेला.

त्या प्रकरणातील घोडे त्यांच्या मालकांच्याच जागेत होते. पण घोडा एकाचा, कुरण दुसऱ्याचे, जमीन तिसऱ्याची आणि फाटक उघडे टाकून जाणारा चौथाच कोणी, अशी स्थिती असेल तर? इंग्लंडमध्ये स्वतःची जमीन नसलेले असंख्य घोडेमालक नेमक्या याच स्थितीत असतात. त्यांचे घोडे ‘लिव्हरी’वर असतात.

लिव्हरी म्हणजे काय?

लिव्हरी म्हणजे ठरावीक शुल्क घेऊन दुसऱ्याचे घोडे सांभाळण्याची व्यवस्था. अशा पागेला लिव्हरी यार्ड म्हणतात. तिचे मुख्य प्रकार चार. ‘फुल लिव्हरी’त दाणावैरण, खरारा, तबेल्याची सफाई, घोडा कुरणात सोडणे व परत आणणे ही सारी कामे यार्डची माणसे करतात. ‘पार्ट लिव्हरी’त ही कामे मालक आणि यार्ड वाटून घेतात. ‘डीआयवाय’, म्हणजे ‘तुमचे तुम्ही’ या प्रकारात यार्ड केवळ तबेला व कुरण देते. रोजची देखभाल मालकाची. ‘ग्रास लिव्हरी’त तबेलाही नसतो, घोडा बाराही महिने कुरणात राहतो.

यातील अनेक यार्डे मूळची शेती आहेत. शेतीचे उत्पन्न पुरेनासे झाल्यावर जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांनी घोडे ठेवायला घेतले. त्यामुळे कुरणांची कुंपणे बहुधा गाईगुरांसाठी वा मेंढ्यांसाठी घातलेली असतात. काटेरी तार आणि मोठ्या चौकटींची जाळी ही त्यांची खूण. गुरांना चालणारे कुंपण घोड्याला चालतेच असे नाही, आणि वादाची पहिली ठिणगी बऱ्याचदा येथेच पडते.

इंग्लंडमध्ये घोडेस्वारी शिकविणाऱ्या संस्थांना स्थानिक प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. प्राण्यांशी संबंधित व्यवसायांच्या परवान्यांसाठी २०१८ मध्ये नवे नियम आले, तेव्हाही केवळ घोडे सांभाळणाऱ्या लिव्हरी यार्डांचा त्यात समावेश झाला नाही. साहजिकच, घोडा ठेवण्यापूर्वी कुंपण पाहण्याचे काम कोणा निरीक्षकावर सोपवून मालकाला निश्चिंत राहता येत नाही.

घोड्याला कसे कुंपण लागते?

घोडा हा संकटात पळून जाणारा प्राणी आहे. भीती वाटली की तो आधी धावतो, मग पाहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचा फार मोठा टापू दिसतो. मात्र नाकाच्या अगदी समोरचा आणि पाठीमागचा भाग दिसत नाही. रंगांपैकी निळा व पिवळा त्याला ओळखता येतो. तांबड्या-हिरव्यातील फरक नीट कळत नाही. ब्रिटनमधील शर्यतींच्या मैदानांवर अडथळ्यांच्या नारिंगी पट्ट्या घोड्यांना ठळक दिसत नाहीत, असे एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधनातून दिसून आले आणि २०२२ पासून त्यांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या आणण्यास सुरुवात झाली. हिरव्या झुडपापुढची बारीक करडी तार भरधाव घोड्याला दिसणार नाही, हे यावरून सहज लक्षात यावे.

दुसरी अडचण त्याच्या पायांची. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांसल आवरण जवळजवळ नसते; कातडीखाली लगेच स्नायुबंध आणि हाड. तारेत पाय अडकला की तो शांत उभा राहत नाही, ओढतो. अशा जखमेने घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. कधी त्याला दयामरण देण्यावाचून पर्याय उरत नाही. मोठ्या चौकटींच्या जाळीतून टाप आत जाते आणि नालेची टोके तारेत अडकतात.

म्हणूनच ब्रिटिश सरकारने इंग्लंडसाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अश्वकल्याणविषयक आचारसंहितेत, घोड्यांच्या कुरणात काटेरी तार वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. साधी तार वापरल्यास ती घोड्याला ठळक दिसेल अशी व्यवस्था करावी; कुंपण मजबूत व पुरेसे उंच असावे, त्याला टोकदार काही नसावे; फाटके नीट बंद होणारी असावीत आणि गरज असेल तेथे त्यांना कुलूप घालावे, असेही ती सांगते. चरण्यासाठी दर घोड्यामागे साधारण अर्धा ते एक हेक्टर, म्हणजे सव्वा ते अडीच एकर चांगले कुरण असावे, हा तिचा सर्वसाधारण ठोकताळा. जागा अपुरी असेल तर घोडे पलीकडच्या गवतासाठी कुंपणावर रेलतात आणि खांब खिळखिळे होतात.

उत्तम कुंपण म्हणजे लाकडी खांब आणि आडव्या फळ्यांचे. फळ्या खांबांच्या आतल्या बाजूने, कुरणाकडून ठोकाव्यात, म्हणजे घोड्याने भार टाकला तरी त्या निखळत नाहीत आणि धावणाऱ्या घोड्याचा खांदा खांबावर आदळत नाही. साधारण घोड्यासाठी सव्वा मीटरच्या आसपास उंची पुरते. वळूघोड्यासाठी अधिक हवी. अरुंद कोपरे टाळावेत, कारण दांडगा घोडा दुबळ्याला तेथे कोंडून लाथा मारतो. दाट जिवंत कुंपणही चांगले, पण हिवाळ्यात पाने गळाली की त्यातील भगदाडे उघडी पडतात. शिवाय त्यात काय वाढते आहे, हे पाहावे लागते. ‘यू’ वृक्षाचा पाला घोड्याला जीवघेणा ठरतो. ‘सिकॅमोर’च्या बिया शरदात वाऱ्याने कुरणात येऊन पडतात आणि त्या खाल्ल्याने स्नायूंचा प्राणघातक विकार होऊ शकतो.

आपल्याकडील शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात, तसे विजेचे कुंपण इंग्लंडमध्ये सर्रास वापरले जाते. रुंद पांढरी पट्टी घोड्याला चांगली दिसते आणि एकदा झटका बसला की तो लांब राहतो. मोठ्या कुरणाचे आतून भाग पाडण्यासाठी ते सोयीचे. पण रस्त्याच्या बाजूला केवळ त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. बॅटरी उतरते, वाढलेले गवत पट्टीला टेकले की विद्युत्प्रवाह जमिनीत जातो, आणि अंगावर झूल घातलेल्या घोड्याला झटका जाणवतही नाही. खऱ्या भीतीपुढे तर ही पट्टी दोऱ्याइतकीच टिकते.

कायद्याची तीन तोंडे

कुंपण कोणी सांभाळायचे, या प्रश्नाला इंग्लंडमध्ये एकच उत्तर नाही. प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर बदलते. विचारणारे तिघे आहेत: रस्त्यावरील वाटसरू, शेजारचा शेतकरी आणि खुद्द घोडा.

पहिला रस्ता. जुन्या इंग्रजी कायद्यात रस्त्यालगतच्या जमीनधारकावर आपली जनावरे रस्त्यावर जाऊ न देण्याचे बंधन नव्हते. रात्री सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाची भटक्या घोड्याशी टक्कर झाली, तेव्हा कुंपण नादुरुस्त असूनही त्याला भरपाई नाकारली गेली. १९४७ च्या ‘सर्ल विरुद्ध वॉलबँक’ या निकालाने ती जुनी समजूत पक्की केली. मोटारींची संख्या वाढत गेली तशी ती टिकणे शक्य नव्हते. १९७१ च्या प्राणीविषयक कायद्याने ती रद्द केली. तेव्हापासून जनावर रस्त्यावर जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य ठरले. परंपरेने कुंपण नसलेल्या माळरानांसारख्या भागांपुरता त्याला काहीसा अपवाद ठेवण्यात आला.

याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात दोषनिरपेक्ष दायित्व आहे. विशिष्ट परिस्थितीत त्या जातीचे प्राणी जसे वागतात, तशा वागण्यातून इजा झाली, त्या इजेचा धोका संभाव्य होता आणि पाळणाऱ्याला तो स्वभाव ठाऊक होता, तर निष्काळजीपणा सिद्ध होण्याची गरज उरत नाही. बिथरलेला घोडा बेभान पळतो, हे कोणता अश्वपालक जाणत नाही? ‘मिर्वाहेदी’ निकाल याच तर्कावर उभा आहे.

आता ‘पाळणारा’ कोण? कायदा म्हणतो, ज्याच्या मालकीचा प्राणी आहे तो, किंवा ज्याच्या ताब्यात आहे तो. म्हणजे फुल लिव्हरीतील घोड्याला एकाच वेळी दोन पाळणारे असू शकतात: लंडनमध्ये कचेरीत बसलेला मालक आणि पन्नास मैलांवरचा यार्डचालक. मालक सोळा वर्षांखालील मूल असेल, तर त्या कुटुंबाचा प्रमुखही पाळणारा धरला जातो. वाढदिवसाला मुलीला तट्टू घेऊन देणाऱ्या किती पालकांना याची कल्पना असते, हा प्रश्नच आहे. शिवाय १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार रस्त्यावर भटका घोडा सापडणे हा त्याला सांभाळणाऱ्याचा गुन्हाही ठरतो.

दुसरा शेजारी. घोड्याने शेजारच्या शेतात शिरून पीक तुडविले तर १९७१ च्या कायद्याचे चौथे कलम लागू होते, आणि येथे मात्र दायित्व ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याचे. फुल लिव्हरीत हा ताबा बहुधा यार्डचा ठरेल. ‘तुमचे तुम्ही’ प्रकारात मालकाचा ठरण्याचा संभव मोठा. ‘तुम्हीच कुंपण का घातले नाही?’ असा उलट सवाल शेजाऱ्याला करता येत नाही. कुंपण घालण्याचे कायदेशीर बंधन खरोखर त्या बाजूवर असेल तरच हा बचाव चालतो. असे बंधन गृहीत धरता येत नाही. डावीकडचे कुंपण अमक्याचे आणि उजवीकडचे तमक्याचे, हा इंग्लंडमधील लोकप्रिय समज कायद्याला मान्य नाही. खरेदीखतात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. नकाशात सीमारेषेच्या ज्या बाजूला इंग्रजी ‘टी’ अक्षराची खूण असते, त्या बाजूच्या मालकाकडे देखभाल, असा संकेत आहे. त्याचा खरा अर्थही खतातील मजकुरावरूनच ठरतो. रेल्वेमार्गालगतच्या कुंपणाची जबाबदारी मात्र १८४५ च्या कायद्यापासून रेल्वेकडे आहे.

तिसरा घोडा. प्राणिकल्याणाचा २००६ चा कायदा इंग्लंड व वेल्समध्ये लागू आहे. प्राण्याची जबाबदारी कायमची वा तात्पुरती घेणाऱ्या प्रत्येकाने त्याला योग्य परिसर द्यावा आणि इजेपासून त्याचे रक्षण करावे, असे तो सांगतो. यार्डचालक या व्याख्येत येतो. पण मालक सदैव जबाबदार मानला जाईल, असेही त्याच कायद्यात स्पष्ट नमूद आहे. घोडा दुसऱ्याकडे ठेवला म्हणून मालकाचे नाव पुसले जात नाही.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तेथील १९८७ च्या कायद्यातही दोषनिरपेक्ष दायित्व आहे, पण प्राणी केवळ रस्त्यावर उभा होता म्हणून झालेल्या इजेला ते लागू होत नाही. अशा वेळी निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागतो.

मालक आणि यार्डचालक यांच्यात

बाहेरच्यांचे दावे एकीकडे. मालक आणि यार्डचालक यांच्यातील हिशेब दुसरीकडे. फुल लिव्हरीत यार्डचालक मोबदला घेऊन दुसऱ्याची चीज सांभाळत असतो. तिला इजा झाली तर आपण वाजवी काळजी घेतली होती, हे दाखविण्याचा भार त्याच्यावर पडतो. तुटलेल्या फळीचा खिळा आठवडाभर बाहेर डोकावत असेल आणि त्याने घोड्याची छाती फाटली, तर हा भार पेलणे कठीण. ‘तुमचे तुम्ही’ वा ग्रास लिव्हरीत मात्र घोड्याचा ताबा मालकाकडेच राहिला, यार्डने केवळ कुरण वापरण्याची परवानगी दिली, असा युक्तिवाद होऊ शकतो. तरीही पैसे घेऊन घोड्यांसाठी म्हणून दिलेले कुरण घोड्यांसाठी सुरक्षित असावे, ही अपेक्षा संपत नाही. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यावसायिकाने आपली सेवा वाजवी काळजी व कौशल्याने दिली पाहिजे, आणि करारात कलम घालून हे कर्तव्य त्याला झटकून टाकता येत नाही.

अनेक यार्डांच्या फाटकावर ‘घोडे मालकांच्या जोखमीवर ठेवले जातात’ अशी पाटी असते. तिने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. माणसाचा मृत्यू वा शारीरिक इजा यांबाबतचे निष्काळजीपणाचे दायित्व तर अशा सूचनेने मुळीच टाळता येत नाही.

यार्डची जमीन पुष्कळदा भाड्याची असते. भाडेकरारात कुंपणाची दुरुस्ती जमीनदाराकडे असेल तर यार्डचालक त्याच्याकडे बोट दाखवितो, आणि मालक यार्डचालकाकडे. आपापसात ते योग्यही असेल. पण करार हा करार करणाऱ्यांनाच बांधतो. रस्त्यावर जखमी झालेल्या मोटारचालकापुढे ‘फळी बसविणे जमीनदाराचे काम होते’ हे कलम नाचविता येत नाही. तो पाळणाऱ्याकडे भरपाई मागेल. मग पाळणाऱ्याने ती हवी तर जमीनदाराकडून वसूल करावी.

करारात काय हवे?

बहुतेक भांडणे कायद्यातील गुंत्यामुळे होत नाहीत. ‘ते काम तुमचे आहे असे मला वाटले’ या वाक्यामुळे होतात. म्हणून लेखी करार हवाच, आणि त्यात कुंपणाविषयी ‘देखभाल यार्ड करील’ एवढे एकच वाक्य पुरेसे नाही. पुढील बाबी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात:

● बाहेरील हद्दीचे कुंपण, आतील विभागणी आणि फाटके यांची दुरुस्ती प्रत्येकी कोणाकडे.

● कुंपण कोण, किती वेळाने पाहणार आणि त्याची नोंद कोठे राहणार.

● विजेच्या कुंपणाची बॅटरी कोण बदलणार, पट्टीखालचे गवत कोण कापणार.

● दोष दिसल्यास कोणाला कळवायचे, आणि दुरुस्ती होईपर्यंत घोडे कोठे हलवायचे.

● तातडीची दुरुस्ती मालकाने स्वतः केल्यास खर्च कोणाचा.

● एखाद्या घोड्याने कुंपण मोडल्यास भरपाई त्याच्या मालकाकडून घ्यायची की नाही.

● मालक गाठता न आल्यास पशुवैद्यास बोलाविण्याचा आणि उपचारांस संमती देण्याचा अधिकार कोणाला.

विम्याचेही असेच. यार्डचा सार्वजनिक दायित्वाचा विमा मालकाला आपोआप संरक्षण देत नाही. मालक स्वतंत्रपणे ‘पाळणारा’ ठरत असल्याने त्याचा स्वतःचा त्रयस्थ-दायित्व विमा हवा. ब्रिटिश हॉर्स सोसायटी या १९४७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या एका सदस्यत्व प्रकारात असा विमा अंतर्भूत असतो. अनेक मालक त्यासाठीच सभासद होतात. ज्या देशात कुंपण निर्दोष असूनही भरपाई द्यावी लागू शकते, तेथे विमा ही चैन राहत नाही.

रोजची फेरी

घोडा ठेवण्यापूर्वी मालकाने संपूर्ण हद्द पायी फिरून पाहावी. खांब हाताने हलवून पाहावेत. जमिनीलगत लाकूड कुजलेले असते आणि वरून ते धड दिसते. फाटक बिजागरीवरून उचलून निघते का, ते तपासावे. चोर कुलपाच्या नव्हे तर बिजागरीच्या बाजूने फाटक काढतात, म्हणून जाणते लोक दोन्ही बाजूंना कुलूप घालतात. कुरणातून सार्वजनिक पायवाट जाते का, हेही पाहावे. इंग्लंडमध्ये अशा वाटा शेतांमधून सर्वत्र जातात, त्या अडविता येत नाहीत, आणि फिरायला आलेला माणूस फाटक लावीलच असे नाही. अशा ठिकाणी आपोआप मिटणारे फाटक आणि आत दुसरे कुंपण हा सुज्ञ मार्ग.

नव्या घोड्याला प्रथम दिवसाउजेडी, हाती धरून कुंपणाच्या कडेने फिरवावे. वादळानंतर, आतषबाजीच्या रात्रीनंतर आणि शेजारच्या शेतात यंत्रे चालून गेल्यावर जादा फेरी मारावी. इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरची रात्र दारूकामाची असते; घोडे बिथरण्याचा धोका तेव्हा हमखास. पाहिलेले वहीत तारखेसह लिहावे, छायाचित्रे ठेवावीत, आणि दोष कळविताना तोंडी न सांगता लेखी कळवावे. पुढे वाद झाला तर कोणाला कधी ठाऊक झाले, यावरच सारे फिरते.

घोडा सुटलाच, तर तो रस्त्याच्या दिशेने असल्यास आधी पोलिसांना कळवावे. दुसऱ्याच्या जमिनीत गेला असल्यास तेथील ताबाधारकाला २०१५ च्या अश्वनियंत्रण कायद्यान्वये तो अडवून ठेवता येतो. त्याने २४ तासांत पोलिसांना कळवायचे असते, आणि सुट्ट्यांचे दिवस वगळून ९६ तासांत मालक पुढे आला नाही तर घोड्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकारही त्याला मिळतो. आपल्याकडे गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा करताना ब्रिटिशांनी ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत घोडी-तट्टेही घातली आणि त्यांचीही रवानगी कोंडवाड्यात होऊ लागली. अडवून ठेवा, कळवा, खर्च वसूल करा, ही त्यामागची रीत जुनीच आहे.

कुंपण कोणाचे, हा प्रश्न अखेर जमिनीचा आहे. त्याचे उत्तर खतात वा करारात सापडते. घोडा कोणाचा, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर पहिल्या उत्तराची वाट पाहत नाही. लिव्हरीचे शुल्क देऊन मालक श्रम दुसऱ्यावर सोपवू शकतो. दायित्व संपूर्णपणे सोपवू शकत नाही. म्हणून सैल झालेला खांब पहिल्यांदा ज्याच्या नजरेस पडला, त्याने तो दुसऱ्याचा आहे असे म्हणून पुढे जाऊ नये. आधी घोडे हलवावेत. खर्च कोणाचा, हे मागाहून ठरविता येते.